उरलेले दोनशे फूट

सावरडोह, मार्गे चुडावा स्टेशन
रविवार, ११ जानेवारी १९८१

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. ‘शिरसाष्टांग’ मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही मुख्याध्यापक, मायन्यातली चूक तुम्हाला पहिल्यांदा दिसणार. म्हणून आधीच सांगते, ती चूक नाही.

मी सुखरूप आहे. हे आईला सांगा. बाकीचं पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

नांदेडच्या बँकेतल्या मुलाला नकार देऊन मी घर सोडलं, असं तुम्ही पाथरीत सांगताय म्हणे. तसंच सांगत राहा. ते सांगायला सोपं आहे.

मी काय करते ते तरी नीट माहीत असू द्या. परभणीच्या युवक केंद्रानं मला एका वर्षाच्या उमेदवारीवर घेतलंय. कागदावर ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणतात. खेड्यातल्या तरुणांची मंडळं काढायची, खेळ घ्यायचे, श्रमदानाचं शिबिर भरवायचं आणि प्रत्येक गोष्टीचा अहवाल परभणीला पाठवायचा. आमचे समन्वयक माणिकराव साहेब महिन्यातून एकदा जीपनं येतात. वर्ष संपल्यावर चांगलं प्रमाणपत्र मिळालं तर संघटकाची कायम जागा मिळू शकते. यादीत माझं नाव पहिलं आहे. मला ती जागा हवी आहे, अण्णा. नको आहे असं दाखवण्याइतकी मी मोठी नाही.

राहते कडूबाईंच्या घरी. विधवा बाई, पाच एकर जमीन, मुलगा बन्सीधर आणि सून. पहिल्याच दिवशी मला विचारलं, “तू सरकारी हाईस का?” मी म्हटलं, अर्धी. तर म्हणाल्या, “मंग अर्धी भाकर खाऊन भागंल का?” आणि दोन वाढल्या.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत पोरांनी कॅरम मागितला, व्हॉलीबॉलची जाळी मागितली. शेवटी एक जण उभा राहिला. प्रल्हाद त्याचं नाव. बारावी झालाय, रेल्वेच्या रुळावर रोजंदारीनं जातो, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहतो. तो म्हणाला, “आमाला रस्ता पायजे.” सगळे हसले. तो हसला नाही. मागच्या श्रावणात त्याच्या बहिणीला बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यायला दोन तास लागले. काळ्या मातीत माणसं मांडीपर्यंत रुतत होती. बहीण वाचली, बाळ गेलं. हे त्यानं बैठकीत नाही, नंतर मला सांगितलं.

मी कॅरम मागवलाच नाही. रस्त्याचा प्रस्ताव पाठवलाय.

सुमंगला


सावरडोह
सोमवार, २ फेब्रुवारी १९८१

तीर्थरूप अण्णा,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार.

प्रस्ताव मंजूर झाला. फाट्यापासून वस्तीपर्यंत बाराशे फूट मुरमाचा रस्ता, दहा दिवसांचं शिबिर, पाच गावांतली चाळीस पोरं. काल सुरू झालं. सरपंच दिनकरराव यांनी नारळ फोडला, चार बैलगाड्या दिल्या, तरुणांच्या घामावर भाषण केलं. पहिला टिकाव मी मारला. तळहाताला फोड आलेत, म्हणून अक्षर वाकडं आहे. तुम्ही मार्क कापाल, कापा.

काल दुपारची गोष्ट सांगते. शाळेच्या ओसरीत पंगत बसली. प्रल्हाद आणि वस्तीतली तिघं पायरीजवळ बसली, बाकीच्यांपासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. कुणी सांगितलं असतं तर भांडता आलं असतं.

मी माझं ताट घेऊन त्या मोकळ्या जागेत जाऊन बसले. वाढायला मंडळाचा अध्यक्ष आश्रुबा होता, सरपंचांचा पुतण्या. मी म्हटलं, आश्रुबा, इथून सुरू कर. तो वरणाची बादली धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं प्रल्हादच्या ताटात वाढलं, मग माझ्या, मग पुढं गेला.

आज सकाळी सहा पोरं वळकट्या घेऊन निघून गेली. चौतीस उरली. मी त्यांना थांबवलं नाही. अहवालात लिहिलं, सहा जण जेवणाच्या पंगतीवरून गेले. आश्रुबा म्हणाला, “ताई, तब्येतीचं कारण ल्याहा की.” मी म्हटलं, त्यांची तब्येत चांगली होती.

कडूबाई हे सगळं ऐकून फक्त एवढंच म्हणाल्या की, संध्याकाळी हात तेल-हळदीनं शेकून घे. शेकले.

सुमंगला


सावरडोह
सोमवार, ९ फेब्रुवारी १९८१

अण्णा,

आज ‘तीर्थरूप’ही लिहीत नाही. का ते पुढं वाचा.

शनिवारी आम्ही हजार फुटांवर, मारुतीच्या देवळापाशी पोचलो. धुम्मस मारून मुरूम इतका घट्ट बसवलाय की चप्पल आपटली तर वाजते. पुढचे दोनशे फूट कडूबाईंच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वस्तीत जाणार. दुपारी दिनकरराव आले. रागावले नाहीत. रागावत नाहीतच ते. म्हणाले, “लय चांगलं काम झालं. आता बास करा. पुढं कोणाची गाडी जातीय?”

मी म्हटलं, मंजूर बाराशे फूट आहेत.

“कागदावर हायत. कडूबाईचा धुरा हाय, ती देणार न्हाई. कामून गावात कटकट लावताव?”

कडूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण त्याच संध्याकाळी परभणीहून निरोप आला: समारोप मंगळवारी नाही, रविवारी, म्हणजे काल, मारुतीच्या देवळापुढं. साहेब लोक येणार. मांडव पडला, पाव्हणे आले, फोटो निघाले. पोरांना सांगितलं, शिबिर संपलं, घरी जा. बैलगाड्या सरपंचांच्या वाड्यावर परत गेल्या.

पाव्हणे गेल्यावर माणिकरावांनी मला शाळेच्या खोलीत बोलावलं. अहवाल तयार करूनच आणला होता. ‘बाराशे फूट रस्ता पूर्ण.’ खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, साहेब, दोनशे फूट उरलेत, तुम्ही आत्ता त्यांच्याकडं पाठ करून बसलात. ते वाईट माणूस नाहीत, अण्णा. डोळे चोळत म्हणाले की पावसाळ्यानंतर बघू, गाव शांत राहू दे, तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून काय काय जळलं ते आपण पाहिलंय. तुझी जागा पक्की आहे, एका सहीनं ती घालवू नको.

मी सही केली. पण त्याआधी ‘पूर्ण’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘अपूर्ण. वस्तीकडचे दोनशे फूट शिल्लक.’

तेव्हा त्यांनी बॅगेतून एक आंतर्देशीय काढलं. “मला हे दाखवायचं नव्हतं,” म्हणाले.

तुमचं अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखीन. जानेवारीत तुम्ही माणिकरावांना लिहिलंत की मुलीला परत पाठवा. ते मी समजू शकते. पण पुढं लिहिलंय: ‘१९७८ च्या प्रसंगापासून तिच्या मनावर परिणाम झाला आहे. ती काही बोलली तर त्यास फार अर्थ देऊ नये.’

अण्णा, मी या माणसांशी ७८ बद्दल एक अक्षरही बोलले नव्हते. मी काय बोलेन याची भीती तुम्हाला आधीपासून होती.

आज सकाळी केंद्राचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. माझी उमेदवारी बरखास्त. प्रमाणपत्र नाही. रजिस्टर आणि शिक्के जमा करावेत.

मी घरी येत नाहीये. कडूबाईंना काय ते स्पष्ट सांगून टाकलं, की आता मी अर्धीसुद्धा सरकारी नाही, ठेवायचं नसेल तर आत्ताच सांगा. त्या जात्यावर बसल्या होत्या. हात थांबवला नाही.

सुमंगला


सावरडोह
सोमवार, १६ फेब्रुवारी १९८१

अण्णा,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता फाडणार नाही.

मंगळवारी सकाळी मी आणि प्रल्हाद टिकाव-फावडी घेऊन देवळापाशी गेलो. वस्तीतल्या बाया टोपली घेऊन आल्या, त्यात प्रल्हादची आई धुरपदाबाई. चौतिसातली सात पोरं परत आली. आश्रुबा आला नाही, पण शाळेत पडलेली धुम्मस त्यानं कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. धुऱ्यापाशी येऊन आम्ही थांबलो. तिथं कडूबाई उभ्या होत्या. मला वाटलं, अडवायला आल्यात.

त्या म्हणाल्या, “माहा धुरा हाय. मलाच कोणी इचारलं न्हाई. लागा खांदायला.”

मी म्हटलं, बन्सीधरदादांना विचारायला नको का? तेव्हा त्यांनी मला बांधाच्या कडेला नेलं. ७८ साली ज्या दिवशी इथली वस्ती जळाली त्या दिवशीचं सांगितलं. ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. “मव्हं लेकरू घरी आलं तव्हा त्याच्या अंगाला राकेलचा वास यायला. म्या त्याला न्हाऊ घातलं. इचारलं न्हाई. तीन वर्सं झाली, इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.”

दोन दिवस आम्ही मुरूम डोक्यावरून वाहिला. गाडी नव्हती. गुरुवारी दुपारी बन्सीधर स्वतःची गाडी भरून घेऊन आला. बैल थांबवले आणि खाली उतरून उभा राहिला. सगळ्यांची फावडी थांबली. धुरपदाबाई पुढं झाल्या. त्यांच्या घराचं छप्पर त्या दिवशी गेलं, अजून पत्र्याखाली राहतात. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “तू जाळायला आला व्हतास, का बघायला?”

“बघायला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पर म्या इझवलं न्हाई.”

खरं सांगितलं की निम्मं सांगितलं, मला माहीत नाही. राकेलचा वास नुसत्या बघण्यानं अंगाला लागतो का, तेही माहीत नाही. माफ केलं असं काही धुरपदाबाई म्हणाल्या नाहीत. हातानं दाखवलं आणि म्हणाल्या, “मुरूम तिकडं टाक. हितं भरलंय.”

त्यानं तिकडं टाकला. त्या दिवशी सहा खेपा केल्या. काल, रविवारी, रस्ता वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत पोचला. मी स्वतः टेप धरून मोजला. बाराशे सात फूट झाला.

काल संध्याकाळी मला कळलं की या गावात एका अडाणी बाईनं आणि तिच्या मुलानं जे सांगितलं, ते तुम्ही आणि मी, दोघं शिकलेले, एकमेकांना सांगू शकलो नाही. म्हणून आता सांगते.

ऑगस्ट १९७८. आपण तेव्हा करंजवाडीला शाळेच्या खोलीत राहत होतो. दिवे लागायची वेळ, पाऊस चालू. तिथल्या वस्तीतली तीसेक माणसं, बहुतेक बाया आणि लेकरं, जमावाला भिऊन शाळेच्या ओसरीत आली. दगडी शाळा, लोखंडी दार. बायनाबाईनं आपल्या खिडकीपाशी येऊन हात जोडले. “गुरुजी, शाळा उघडा. सकाळी जाऊ आमी.” तुम्ही खिडकीच्या आतून म्हणालात, किल्ली किशनराव शिपायाकडं आहे आणि तो गावाला गेलाय.

किल्ली तुम्ही पाचच मिनिटांपूर्वी खुंटीवरून काढून कोटाच्या खिशात टाकली होती. मी पाहिलं होतं.

ती माणसं ज्वारीच्या पिकात जाऊन रात्रभर भिजली. बायनाबाईचा सासरा दम्याचा होता. तिसऱ्या दिवशी गेला. चौकशी आली तेव्हा तुम्ही तेच लिहून दिलंत, आणि किशनरावाला मेमो मिळाला. त्यानं तुमचं नाव घेतलं नाही, कारण तुम्ही त्याच्या मुलीला फुकट शिकवत होतात. बायनाबाईच्या मुलालाही तुम्हीच घरी जाऊन शाळेत आणलं होतं, सातवीला तो पहिला आला होता. तुम्ही चांगले मास्तर होतात. म्हणूनच तर ती माणसं आपल्या दाराशी आली. दुसऱ्या कुणाच्या नाही गेली.

तुम्ही घाबरलात. घरात आई होती, मी होते, गावात जमाव फिरत होता. घाबरल्याचा मला राग नाही. त्यानंतरच्या तीन वर्षांचा आहे.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. मीही आतच होते. अठरा वर्षांची होते, तोंडात जीभ होती. “अण्णांच्या खिशात आहे,” एवढं मी खिडकीतून ओरडले असते तर पुरलं असतं. मी तेव्हा जेवणाची पानं घेत होते. बायनाबाई बोलत होती आणि मी तिच्यासाठी चौथं पान घ्यायचं की आपली तीनच, याचा विचार करत होते.

म्हणून मी घर सोडलं. बँकेतला मुलगा चांगला होता बिचारा.

माझ्या मनावर परिणाम झालाय हे तुम्ही खरं लिहिलंत. पण माझ्या बोलण्याला अर्थ आहे, अण्णा. हे पत्र तुम्ही जाळलंत तर मी पुन्हा लिहीन.

सुमंगला


सावरडोह
बुधवार, ४ मार्च १९८१

अण्णा,

रविवारी तुम्ही आलात आणि मी इथं नव्हते. शनिवारीच मी परभणीला गेले होते. बरखास्तीवर लेखी हरकत दिली आणि त्यावर पोच घेतली. पोच देणाऱ्या कारकुनानं सांगितलं की याचं काही होत नसतं. मी म्हटलं, नाही झालं तरी कागद फायलीत राहील. संघटकाची जागा दुसऱ्याला मिळाली. माणिकरावांनी चहा पाजला, माझ्याकडं पाहिलं नाही. सध्या वस्तीतल्या आणि गावातल्या नऊ मुलींना एकत्र बसवून दहावीचं गणित शिकवते. कडूबाईंची ओसरी आहे. दिनकररावांनी आपल्या नातीला पाठवलं नव्हतं. परवापासून ती आपली आपणच येते.

तुम्ही आलात ते मला प्रल्हादनं सांगितलं. पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलात आणि चालत आलात. एवढ्या उन्हात कोट घातला होता. त्याला तुम्ही विचारलंत, रस्ता कुठपर्यंत गेलाय, आणि त्यानं तुम्हाला शेवटापर्यंत नेलं. देवळापाशी तुम्ही थांबला नाहीत. धुरपदाबाईंनी पाणी विचारलं तर तुम्ही त्यांच्या अंगणात बाजेवर बसून तांब्याभर पाणी प्यालात. हे ऐकून माझा विश्वास बसला नाही. मी त्याला पुन्हा विचारलं, खरंच प्यायले? तो म्हणाला, दुसऱ्यांदाही मागून घेतलं.

आणि निघताना तुम्ही त्याला म्हणालात, “मी तिचा बाप. तिला सांगा, किल्ली माझ्याच खिशात होती. ती खोटं बोलत नाही.”

प्रल्हादला काही कळलं नाही. त्यानं जसंच्या तसं मला सांगितलं. मी कडूबाईंच्या गोठ्याजवळ जाऊन बसले आणि खूप रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होते. आज संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की संपलं, आता घरी जावं, आईच्या हातचं जेवावं.

पण संपलेलं नाही, अण्णा. ते वाक्य तुम्ही ज्याला सांगितलंत त्याचं तुमच्याकडं काही अडलेलं नव्हतं. प्रल्हाद शाळेच्या ओसरीत नव्हता. आणि मीही खिडकीच्या बाहेरची नव्हते. आपण दोघं आतले होतो.

येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मी पाथरीला येते. घरी राहीन, आई जे करील ते खाईन, तुमच्याशी भांडणार नाही. रविवारी, १५ तारखेला, करंजवाडीला सकाळी सव्वासातची एस.टी. आहे. मी दोन जागा धरीन. बायनाबाई अजून तिथंच राहते, मी चौकशी केली आहे. आधी तिच्याकडं, मग किशनरावाकडं. मेमो त्याच्या नोकरीच्या पुस्तकात अजून आहे. तो काढायचा तर तुम्हाला लिहून द्यावं लागेल, आणि त्यातून तुमचं जे होईल ते होईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हे मला माहीत आहे.

बायनाबाई दार उघडील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. नाही उघडलं तर आपण बाहेर उभं राहून सांगू. तुमचं तुम्ही सांगा, माझं मी सांगीन. पानं घेत होते, हेही सांगीन.

आणि सव्वासातला तुम्ही स्टँडवर आला नाहीत, तर गाडी थांबवायला मी कंडक्टरला सांगणार नाही. एकटी जाईन. तुमच्या वाटचंही मीच सांगून येईन, तुमच्या नावासकट.

तुमची मुलगी,
सुमंगला